लिफ्टजवळच्या नोटिशीबद्दल सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
सहकारी गृहनिर्माण संस्था

स. न. वि. वि.

पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबईकडच्या बऱ्याच सोसायट्यांत लिफ्टच्या दाराशेजारी एकाच धाटणीची नोटीस चिकटवलेली दिसते. "घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरीवाले यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. बाहेर पडताना पिशवी तपासली जाईल. ॲपवर नोंद नसल्यास प्रवेश नाही. आदेशावरून." खाली गोल शिक्का आणि न लागणारी सही. काही ठिकाणी आणखी एक ओळ असते: "आधीच्या फ्लॅटची ना हरकत असल्याशिवाय दुसऱ्या फ्लॅटमध्ये काम करता येणार नाही."

हे पत्र त्या नोटिशीला उत्तर आहे. लिहिणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका आहेत, त्यांचे कल्याण मंडळाचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते आहेत आणि तुमच्यासारखेच मेंटेनन्स भरणारे सभासदही आहेत. कुठल्याही सोसायटीचं नाव आम्ही घेतलेलं नाही. वाचताना जिला आपलीच नोटीस आठवेल, तिने हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

सुरक्षा नको, असं आमचं म्हणणं नाही. गेटवर नोंद असावी, पोलीस पडताळणीही व्हावी. त्या नोंदीचा बाईलाही उपयोग होतो, कारण ती किती वाजता आली आणि किती वाजता गेली याचा पुरावा राहतो. आमची हरकत वेगळी आहे. बाईचा फोटो, आधार, बोटाचा ठसा, पत्ता, नवऱ्याचा मोबाइल नंबर एवढं सगळं तुम्ही जमवता, आणि रजिस्टरमध्ये तिचं नाव मात्र "304 वाली" असंच राहतं. इतकी ओळखपत्रं, आणि ओळख कुणाचीच नाही.

लिफ्टपासून सुरुवात करू. 22 मजले, मजल्यावर 4 फ्लॅट, म्हणजे 88 घरं. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान यातल्या निम्म्या घरांत तरी कामवाली येते. त्याच वेळी कचऱ्याचे डबे खाली जातात, पाण्याचे जार वर जातात, कुणाचं तरी फर्निचर येतं, आणि हे सगळं एकाच सर्व्हिस लिफ्टमधून. शेजारच्या दोन लिफ्ट तेव्हा रिकाम्या वर-खाली करत असतात. तीन बिल्डिंगांमध्ये पाच घरं धरलेल्या बाईच्या दिवसाला सहा फेऱ्या होतात. एका फेरीला आठ मिनिटं थांबावं लागलं तर दिवसाची 48 मिनिटं गेली. महिन्याचे 26 दिवस धरले तर जवळजवळ 21 तास. या 21 तासांचा पगार तिला कुणी देत नाही. उलट शेवटच्या घरी "आज पुन्हा उशीर?" हे ऐकावं लागतं. नियम करणाऱ्यांनी एक सोमवार सकाळी आठ वाजता त्या लिफ्टसमोर उभं राहून पाहावं. ओला कचरा ज्या लिफ्टमधून उतरतो तिच्यातूनच तुमच्या पोळ्या लाटणारे हात वर येतात, हेही तेव्हा लक्षात येईल.

आता पिशवीची तपासणी. पाहुणे येऊन गेले की घरातल्या काकू उरलेली भाजी, एखादी जुनी साडी, रद्दी देतात. गेटवर बाईला पिशवी उघडायला लावतात, डब्याचं झाकण काढायला लावतात आणि "कुणी दिलं?" विचारतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत असतात. ॲपमध्ये वस्तू दिल्याची नोंद करायची सोय असते, पण ते बटण फ्लॅटधारकाने दाबायचं असतं. काकू देतात आणि विसरतात, किंवा फोन चार्जिंगला असतो, किंवा त्या आंघोळीला गेलेल्या असतात. बाई पंधरा मिनिटं गेटवर उभी. खासगी सुरक्षा रक्षकाला कुणाचीही जबरदस्तीने झडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनाही बाईची झडती घ्यायची असेल तर ती बाईनेच, शालीनता राखून घ्यावी लागते. मग तुमच्या गेटवर पुरुष वॉचमन बाईच्या पिशवीत हात घालतो तो कुठल्या नियमाने? नोटिशीत कलम लिहिलेलं नाही, लिहिता येणारही नाही.

ॲपबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक कमिट्यांना ते कसं चालतं हे नीट माहीत नाही. व्हेंडर दाखवून जातो, ठराव होतो, झालं. बाईला एक कोड मिळतो. ती गेटवर तो सांगते आणि ती आल्याची सूचना तिच्या सगळ्या घरांच्या फोनवर एकदम पोचते. इथून गडबड सुरू होते. 8.12 ला ती गेटमधून आत आली हे पाचव्या घरालाही दिसतं. त्यांची वेळ 11 ची असते, तरी 9 वाजता फोन येतो, "तू आत आहेस ना, मग आधी आमच्याकडे येऊन जा." चार लोकांनी असे फोन केले की तिने बसवलेलं अख्खं वेळापत्रक मोडतं.

शिवाय रेटिंग. समजा पाच घरं आहेत. चौघांनी पाच तारे दिले आणि एकाने रागात एक दिला, की सरासरी 4.2. नवीन बाईला दोनच घरं असतील तर एक रागावलेलं घर तिला थेट 3 वर आणतं. राग कशाचा होता? बहुधा तिने पगार वाढवून मागितला होता. तो तारा तिला दिसत नाही, कारण ॲप तिच्या फोनमध्ये नसतं. उत्तर द्यायची जागा नाही, आणि घराला तारे द्यायची सोय तर नाहीच. कोण पगार 12 तारखेला देतं, कोण चार वेळा बोलावून घर बंद ठेवतं, हे नवीन बाईला कुठे कळणार? विश्वासाची नोंदवही ठेवायची तर तिला दोन रकाने हवेत.

आणि तिची कागदपत्रं? वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्याचा गाभा संमतीचा आहे: माहिती कशासाठी घेता हे सांगा, काम झालं की काढून टाका. आधारची पूर्ण झेरॉक्स वॉचमनच्या टेबलाच्या खणात, चहाच्या डागांसकट पडलेली असते. पहिले आठ अंक झाकलेलं आधार सहज डाउनलोड होतं. ते पुरतं.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. चोरी.

घरात सोन्याची वस्तू सापडत नाही म्हटलं की पहिलं बोट कुणाकडे जातं हे सांगायला नको. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसह मेसेज पडतो, "हिला कामावर ठेवू नका." दुपारपर्यंत तिची पाचही घरं बंद. चौथ्या दिवशी कानातलं उशीच्या अभ्र्यात सापडतं. मग तो मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" करावा म्हटलं तर मुदत उलटून गेलेली असते, आणि "सापडलं बरं का" एवढं लिहायला कुणाची बोटं चालत नाहीत.

त्यासाठी एक क्रम सुचवतो. सोसायटीने तो छापून ठेवावा. वस्तू हरवली असं वाटलं तर आधी 24 तास घर शोधा: बेसिनखालचा यू आकाराचा पाइप (अंगठ्या सर्रास तिथे मिळतात), वॉशिंग मशीनचा फिल्टर आणि दाराची रबरी घडी, सोफ्याच्या गाद्यांमागची फट, अभ्रे, कणकेचा डबा, लग्नाला नेलेली पर्स, बँकेचा लॉकर. घरातल्या प्रत्येकाला, कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही विचारा. तरी नाही मिळाली तर पोलिसांत रीतसर तक्रार द्या: वस्तूचं वर्णन, शेवटची कधी पाहिली, त्या दिवसांत घरात कोण कोण येऊन गेलं. त्या यादीत प्लंबर, पाहुणे, केबलवाला सगळे येतात, एकटी बाई नाही. ग्रुपवर नाव आणि फोटो टाकू नका, त्यातून बदनामीचा दावा उभा राहू शकतो. तपास होईपर्यंत बाकीच्या घरांतलं तिचं काम कमिटीने बंद करू नये. आणि वस्तू सापडली, तर संशय जितक्या लोकांपर्यंत गेला तितक्याच लोकांपर्यंत माफी जावी. त्याच ग्रुपवर, नावानिशी.

"विश्वास तपासायला" उशीखाली पाचशेची नोट ठेवणारी घरंही आहेत. बाईला ते कळतं, पहिल्याच दिवशी कळतं. ती नोट उचलून टेबलावर, घड्याळाखाली, दिसेल अशी ठेवते आणि त्या घरात पुन्हा कधी मोकळेपणाने बोलत नाही.

ना हरकतीची अट तर आम्हाला अजिबात मान्य नाही. एका घराने नकार दिला की संपूर्ण सोसायटीची दारं बंद. याचा सरळ अर्थ असा की, बाईने पगारवाढ मागू नये, शिवीगाळ झाली तरी काम सोडू नये. काही कमिट्या पुढे जाऊन दरपत्रक फिरवतात, भांड्यांना इतके, पोळ्यांना इतके, "यापेक्षा जास्त देऊन रेट बिघडवू नका." फ्लॅटची किंमत ठरवताना मात्र असं दरपत्रक कुणी मान्य करेल का?

घरातल्या हिशेबात कमिटीने पडू नये, हे आम्हाला मान्य आहे. पण दरपत्रक काढून तुम्ही पडलाच आहात, म्हणून तेही बोलू. समजा धुणं-भांड्याचे महिन्याला 2,400 रुपये आहेत. खाडा झाला की 30 ने भागून 80 रुपये कापले जातात. इथवर ठीक. पण त्याच महिन्यात सत्यनारायण झाला, चार जणांच्या ताटवाट्यांऐवजी पंचवीस जणांची भांडी पडली, तेव्हा 80 रुपये वाढत नाहीत. तुम्ही दहा दिवस गावाला गेलात तर त्या दहा दिवसांचे पैसे कापणं हे चुकीचंच आहे. तिने ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते, तेवढ्यापुरतं तिला दुसरं घर धरता येत नाही. महिन्याच्या दोन भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस, पाहुण्यांच्या दिवसाचे वेगळे पैसे आणि दर वर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, एवढं सुरुवातीलाच बोलून एका कागदावर लिहिलं की निम्मी भांडणं होत नाहीत. वही दोघांकडे एकेक, खाडा आणि उचल दोन्हीकडे एकाच दिवशी लिहायची. भांडण होतं ते आठवणीवर, आकड्यांवर सहसा होत नाही.

या मागण्या आजच्या नाहीत. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि भरपगारी सुट्टी यांची भाषा तेव्हापासूनची आहे. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. कामाच्या अटी समजतील अशा, शक्यतो लेखी असाव्यात आणि आठवड्याला सलग 24 तास विश्रांती मिळावी, असं तो सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो अजून लागू करून घेतलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल. एका पानाचा कागद करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

स्वच्छतागृह: बहुतेक सोसायट्यांत पार्किंगच्या कोपऱ्यात एक असतं, त्याला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे असते. घरांमध्ये "आमचं वापरू नकोस" असं सांगितलेलं असतं. सकाळी सात ते दुपारी दोन. याहून जास्त लिहायची गरज नाही.

कामातले धोके कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. संडासाची फरशी घासायला आम्लाचं द्रावण टाकलं आणि त्यावरच ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये खोकल्याची उबळ येते, छाती भरते. "दोन्ही टाक म्हणजे लख्ख निघेल" हा सल्ला घरातूनच मिळतो. एका वेळी एकच वापरायचं, मध्ये भरपूर पाणी सोडायचं, पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवायची. सारखं साबणाच्या पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्यासाठी रबरी हातमोजे घरानेच आणून द्यावेत. आणि अकराव्या मजल्याच्या खिडकीची काच बाहेरून पुसायला कुणालाही कठड्यावर उभं करू नये. हा नियम तुमच्या नोटीसबोर्डावर हवा होता. तिथे पार्किंगच्या स्टिकरचा आहे.

लैंगिक छळाचा 2013 चा कायदा घरकामगारालाही लागू आहे. कामाचं घर हे त्यात कामाचं ठिकाण मानलेलं आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. त्या समितीचा पत्ता कुठल्या सोसायटीच्या बोर्डावर लावलेला आहे?

आता ज्या गोष्टीसाठी आम्हाला सगळ्यात जास्त नकार ऐकावे लागतात ती. दाखला.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. नोंदणी 18 ते 60 वर्षांच्या घरकामगारांना करता येते. अर्जासोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि ज्या घरी काम करते त्या घराचं प्रमाणपत्र लागतं. गाडी अडते ती या शेवटच्या कागदावर. दहा-दहा वर्षं काम करून घेणारी घरं सही करायची म्हटली की "साहेबांना विचारते" म्हणतात, आणि साहेब म्हणतात, "उगाच लफडं नको." भीती कसली, तर फॉर्मवरच्या "मालक" या शब्दाची. उद्या ही पीएफ मागेल, कोर्टात जाईल. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 20 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी आहे, तुमच्या दोन बीएचकेला तो लागत नाही. त्या सहीने तुमचं काहीही जात नाही. ती नसेल तर बाईचं मात्र बरंच जातं, कारण नोंदणी नसेल तर प्रसूतीची मदत नाही, पंचावन्न वर्षांनंतरचं 10,000 रुपयांचं सन्मानधनही नाही. ई-श्रम या असंघटित कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवरची नोंदणी ती मोबाइल आणि आधारवर स्वतः करू शकते, तिथे तुमची सही लागत नाही. पण मंडळाला लागते.

दुसरा दाखला अनुभवाचा. भांड्यांपासून सुरू केलेली बाई पाच वर्षांत पोळ्यांवर येते, मग पूर्ण स्वयंपाकावर. पंधरा पोळ्या अर्ध्या तासात, दोन्ही बाजूंनी सारख्या फुगलेल्या, हे कुणालाही पहिल्या दिवशी जमत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवणं, मधुमेहाचं जेवण वेगळं काढणं, कुकरची रिंग सैल झाली की आवाजावरून ओळखणं, हे सगळं ती शिकलेली असते. तुमचं ट्रान्सफर होतं, तुम्ही घर सोडता, आणि तिचा पाच वर्षांचा अनुभव त्या घरासोबतच कुलूपबंद होतो. पुढच्या घरी ती पुन्हा "नवीन बाई", पुन्हा भांड्यांच्या दरापासून. तुम्ही स्वतः कंपनी सोडताना अनुभवपत्र घेतल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकता का?

तेव्हा आमच्या मागण्या:

सर्व्हिस लिफ्ट सामानासाठी आणि कचऱ्यासाठी ठेवा, माणसांना कुठलीही लिफ्ट वापरू द्या. झडती आणि ना हरकत या दोन्ही अटी नोटिशीतून काढा. दरपत्रक मागे घ्या. गेटच्या ॲपमधलं घरकामगारांचं रेटिंग बंद करा, येण्याची सूचना ज्या घरी ती त्या वेळी जाणार आहे तिथेच जाईल अशी सेटिंग व्हेंडरकडून करून घ्या, आणि काम सोडलेल्या बाईची माहिती 30 दिवसांत पुसा. चोरीच्या संशयासाठी वर दिलेला क्रम ठराव म्हणून मंजूर करा. स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, आत नळाला पाणी आणि दाराला आतून कडी असू द्या. नोटीसबोर्डावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावा. रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबरच्या आधी बाईचं पूर्ण नाव लिहा, ती स्वतः सांगेल ते.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण 14 दिवस आधी निघते. म्हणजे विषयपत्रिकेत हा विषय घालायला वेळ आहे. "आयत्या वेळचे विषय" यात ढकलू नका, तिथे पोचेपर्यंत लोक वडा-चहाकडे वळलेले असतात. सभेच्या तासभर आधी पाच-सहा घरकामगार बायकांना बोलावून त्यांचं ऐका. बसायला खुर्च्या द्या.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे. नकार असेल तर तोही लेखी कळवावा, कारणासह, आणि सही वाचता येईल अशी असावी.

आपले,
घरकामगार, त्यांच्यासोबत काम करणारे, आणि काही सभासद

ता. क. मंडळाच्या अर्जासोबतच्या प्रमाणपत्रात तिचं नाव, तुमचं नाव आणि पत्ता, ती कधीपासून काम करते आणि कुठलं काम करते, एवढंच भरायचं असतं. या रविवारी भांडी घासून झाल्यावर तिला पाच मिनिटं बसवून भरून टाका. पेन निळं चालतं.